जाळीची वीण आणि उष्ण कटिबंधातील पाऊस

हवामानाचे प्रतिमान म्हणजे पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे गणिताच्या भाषेत उतरविलेले रूप होय. वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांचे परस्परसंबंध भौतिकीच्या काही मूलभूत नियमांनी बांधलेले आहेत आणि हे नियम समीकरणांच्या रूपाने मांडता येतात. परंतु ही समीकरणे बीजगणितातील साध्या उदाहरणांप्रमाणे थेट सुटत नाहीत. त्यासाठी सबंध पृथ्वीवर एक कल्पित जाळी पसरावी लागते. या जाळीमुळे वातावरणाचे असंख्य खण पडतात. प्रत्येक खणाला एकच तापमान, एकच आर्द्रता आणि एकच वारा दिला जातो आणि काही मिनिटांनंतर त्या खणात काय घडेल हे शेजारच्या खणांच्या आधारे काढले जाते. खणाची बाजू जितकी लहान, तितकी जाळीची वीण घट्ट आणि प्रतिमानाचे विभेदन सूक्ष्म, असे म्हणतात.

समशीतोष्ण प्रदेशातील पाऊस बहुतांशी हजारो किलोमीटर पसरलेल्या आवर्तांबरोबर येतो. असे आवर्त विरळ विणीच्या जाळीतही सापडतात. उष्ण कटिबंधातील पावसाची गोष्ट निराळी आहे. तेथील पाऊस मुख्यतः काही किलोमीटर रुंदीच्या उंच मेघांतून पडतो. त्यामुळे जाळीच्या विणीचा प्रश्न या प्रदेशात जितका कळीचा ठरतो तितका अन्यत्र क्वचितच ठरतो. जगातील कोट्यवधी शेतकऱ्यांचे जीवन ज्या मोसमी पावसावर अवलंबून आहे, तो पाऊस याच कटिबंधात पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

जाळीची कल्पना

या पद्धतीचा पाया ब्रिटिश गणितज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन याने घातला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना त्याने २० मे १९१० या दिवसाच्या निरीक्षणांवरून मध्य युरोपातील हवेचा दाब सहा तासांत किती बदलेल, याचे गणित हाताने केले. त्याचे खण सुमारे २०० किलोमीटर बाजूचे होते. उत्तर आले १४५ मिलिबार; प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर राहिला होता. रिचर्डसनने हे अपयश लपविले नाही. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने ते संपूर्ण आकडेमोडीसह छापले. चूक पद्धतीत नव्हती, आरंभीच्या निरीक्षणांतील असमतोलामुळे ती उद्भवली होती, हे पुढे सिद्ध झाले. साऱ्या पृथ्वीचे हवामान वेळेवर वर्तवावयाचे तर ६४,००० माणसांना एका प्रचंड सभागृहात बसवून आकडेमोड करवावी लागेल, असा त्याचा अंदाज होता.

त्या ६४,००० माणसांची जागा १९५० मध्ये विद्युत् संगणकाने घेतली. अमेरिकेत ज्यूल चार्नी, रॅग्नार फ्योर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमान यांनी ‘एनियाक’ या यंत्रावर पहिले संगणकीय भाकीत केले. त्यांच्या जाळीतील दोन बिंदूंमधील अंतर ७०० किलोमीटरांहून अधिक होते. पुढे संगणकांची शक्ती वाढत गेली तशी वीण घट्ट होत गेली. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या १९९० मधील पहिल्या अहवालाच्या काळी जागतिक प्रतिमानांचे खण साधारणतः ५०० किलोमीटरांचे होते. २००७ मधील चौथ्या अहवालापर्यंत ते सुमारे ११० किलोमीटरांवर आले होते.

खणात हरवलेला डोंगर

खणाचा आकार मोठा असला की पहिला बळी जातो तो डोंगरांचा. पश्चिम घाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर चढतात आणि तेथे प्रतिरोध पर्जन्य पडतो. माथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पूर्वेस अवघ्या काही कोसांवर असलेल्या वाईला मात्र सातशे मिलिमीटरांच्या आसपासच तो मिळतो. मेघालयातही असाच चमत्कार दिसतो. खासी टेकड्यांच्या दक्षिण कड्यावरील चेरापुंजीला ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच टेकड्यांमागे असलेल्या शिलाँगला त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी.

आता २०० किलोमीटर बाजूचा एक खण या प्रदेशावर ठेवला तर काय होईल? त्या एकाच खणात समुद्राचा काही भाग, सबंध कोकणपट्टी, घाटमाथा आणि दख्खनच्या पठाराचा मोठा तुकडा सामावेल. या सर्वांच्या उंचीची सरासरी काढली की घाटाचा कडा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी समुद्रापासून पठारापर्यंत जाणारा एक मंद उतार उरतो. वाऱ्याला अडविणारी भिंतच नसल्याने घाटावर पडावयाचा मुसळधार पाऊस कमी होतो आणि पर्जन्यछायेच्या प्रदेशात वास्तवाहून अधिक पाऊस दिसू लागतो. कृष्णा आणि गोदावरी या नद्यांचा उगम ज्या ओल्या पट्ट्यात होतो तो पट्टा आणि ज्या कोरड्या मुलखातून त्या पुढे वाहतात तो मुलूख, असा भेदच अशा प्रतिमानाला ओळखता येत नाही.

डोंगर नसतानाही सरासरीचा हा दोष उरतोच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच शहरात, तेथून पंचवीस किलोमीटरही दूर नसलेल्या कुलाब्यास त्याच काळात केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयात शेकडो माणसे प्राणांस मुकली. जगातील प्रमुख केंद्रांच्या त्या वेळच्या जागतिक प्रतिमानांना ९४४ या आकड्याच्या जवळपासही जाता आले नव्हते. जेथे सांताक्रूझ आणि कुलाबा ही दोन्ही ठिकाणे एकाच खणात मोडतात, तेथे त्यांच्यातील फरक दाखविण्याची सोयच नसते.

जाळीतून निसटणारे मेघ

डोंगर निदान जागचा हलत नाही. मेघांचे तसे नाही. उन्हाने तापलेली ओलसर हवा वर चढते, थंड होते, तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि सुप्त उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे हवा आणखी वेगाने वर जाते आणि उष्ण कटिबंधात ती पंधरा किलोमीटरांच्या पलीकडेही पोचते. अशा गर्जन्मेघातील वर चढणारा प्रवाह जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. शंभर किलोमीटरांच्या खणात असे कित्येक मेघ मावतात आणि तरीही खणाचा बहुतेक भाग मोकळा राहतो. शंभर किलोमीटर बाजूच्या एका खणाच्या केवळ ५ टक्के भागावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडत आहे अशी कल्पना केली, तर खणाची सरासरी तासाला ५ मिलिमीटर येते. गावाला बुडविणारा पाऊस आकडेवारीत सामान्य सर ठरतो.

परंतु या मेघांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कारण पाऊस हा वातावरणाच्या व्यवहाराचा केवळ परिणाम नसून त्याचे इंधनही आहे. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १० लाख लिटर भरते आणि ते बनताना बाहेर पडलेली सुप्त उष्णता सुमारे सात लाख युनिट विजेइतकी असते. ही उष्णता कोठे, कोणत्या उंचीवर आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी सुटते, यावर हजारो किलोमीटर दूरचे वारेही अवलंबून असतात.

यावर शास्त्रज्ञांनी जो उपाय शोधला त्यास प्राचलीकरण असे म्हणतात. खणातील एकेक मेघ दाखविणे शक्य नसेल, तर खणाचे तापमान आणि आर्द्रता यांवरून सर्व मेघांचा एकत्रित परिणाम किती होईल, याचा एक नियम बसवावयाचा, हे त्यामागील सूत्र आहे. १९६५ मध्ये स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक साधा नियम प्रतिमानात वापरला: ओलसर हवेचा थर अस्थिर झाला की त्याची उष्णता व बाष्प यांची फेरवाटणी करून तो पुन्हा स्थिर करावयाचा. त्याच वर्षी एच. एल. कुओ यांनी खणात चोहोंकडून जमा होणाऱ्या बाष्पाशी पावसाचे प्रमाण जोडले. १९७४ मध्ये अकिओ अराकावा आणि वेन शूबर्ट यांनी लहानमोठ्या मेघांच्या समुदायाचा एकत्र विचार करणारा अधिक परिपूर्ण सिद्धांत मांडला. मानाबे यांना त्यांच्या हवामानविषयक प्रतिमानांच्या कार्यासाठी २०२१ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या नियमांवर अर्धशतकाहून अधिक काळ प्रतिमाने चालत आली आहेत. मात्र त्यांत काही चिवट दोषही आढळले. पहिला दोष रिमझिमीचा. अशा प्रतिमानांत पाऊस वारंवार पण हलका पडतो. कोरडे दिवस कमी होतात आणि मुसळधार दिवसही कमी होतात. महिन्याची बेरीज कदाचित बरोबर येते, पण ती चुकीच्या रीतीने येते. दुसरा दोष वेळेचा. उष्ण कटिबंधातील भूमीवर वळवाचा किंवा आरोह पर्जन्य साधारणतः दुपार उलटल्यावर, सायंकाळी पडतो, हा शेतकऱ्याच्याही नित्य अनुभवाचा भाग आहे. प्रतिमानात मात्र तो ऐन माध्यान्हीच पडून मोकळा होतो. कारण जमीन तापताच नियम लागू होतो, मेघ हळूहळू वाढण्यास लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. १९९७ साली अवकाशात गेलेल्या आणि २०१५ पर्यंत कार्य करणाऱ्या ‘ट्रिम’ या उपग्रहाने उष्ण कटिबंधातील पावसाची मोजमापे पुरविल्यानंतर हे दोष अधिक स्पष्टपणे पुढे आले.

सूक्ष्म जाळीचे मोल

मग वीण सरळ घट्ट का करू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. खणाची बाजू निम्मी केली की त्याच क्षेत्रावर चौपट खण बसतात. शिवाय गणिताचे पाऊलही निम्म्या कालावधीचे घ्यावे लागते. कारण एका पावलात वारा एका खणाहून फार पुढे जाऊ लागला तर गणित कोलमडते, असे कूराँट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे बाजू निम्मी केल्यास श्रम आठपट होतात. १०० किलोमीटरांवरून २५ किलोमीटरांवर यावयाचे तर चौसष्टपट, आणि ३ किलोमीटरांवर यावयाचे तर सुमारे ३७,००० पट. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे; तेव्हा एक किलोमीटरच्या जाळीत नुसत्या भूपृष्ठावरच ५१ कोटी खण पडतील आणि त्या प्रत्येकावर हवेचे अनेक थर रचावे लागतील.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २५ किलोमीटरांची जाळी म्हणजे २५ किलोमीटरांची प्रत्येक घटना दिसली, असे नाही. एखादी लाट किंवा वावटळ नीट उमटण्यासाठी तिच्यावर जाळीचे अनेक बिंदू पडावे लागतात. म्हणून प्रतिमानाची खरी दृष्टी खणाच्या बाजूच्या कित्येक पट स्थूल असते. विरळ जाळ्यात मोठा मासाही धड सापडेल असे नाही, असाच हा प्रकार आहे.

काय सुधारले, काय राहिले

१०० किलोमीटरांवरून २५ ते ४० किलोमीटरांच्या जाळीवर आल्याने उष्ण कटिबंधाच्या चित्रात निश्चित सुधारणा झाली आहे. पश्चिम घाट आणि म्यानमारमधील आराकान योमा यांसारख्या अरुंद पर्वतरांगांवरील पावसाचे पट्टे स्पष्ट उमटू लागले. बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन मध्य भारतावरून वायव्येकडे सरकणारी न्यून दाबाची क्षेत्रे आणि सागरी चक्रीवादळे अधिक खऱ्याखुऱ्या स्वरूपात दिसू लागली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या मान्सून अभियानात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अमेरिकी मूळ असलेल्या एका प्रतिमानाची जाळी सुमारे १०० किलोमीटरांवरून ३८ किलोमीटरांवर आणली आणि हंगामाच्या पावसाचे भाकीत त्यामुळे सुधारल्याचे दिसून आले.

असे असले तरी सर्वच दोष विणीबरोबर नाहीसे झाले नाहीत. भारतीय भूमीवरील मोसमी पाऊस कमी दाखविण्याची अनेक प्रतिमानांची जुनी खोड सूक्ष्म जाळीतही पुरती सुटली नाही. पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताच्या उत्तरेस पावसाचा जो मुख्य पट्टा असतो, त्याच्या जोडीला दक्षिणेसही तसाच एक लांबलचक पट्टा दाखविण्याची चूक १९९० च्या दशकापासून चर्चेत आहे. तीही केवळ वीण घट्ट करून दूर झालेली नाही. समुद्राचे तापमान, ढगांची सावली आणि मेघांचे नियम यांतील चुका तेथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. घट्ट विणीमुळे डोंगर नीट दिसतात; पण मेघांचा नियम जर सदोष असेल, तर तो दोष सूक्ष्म जाळीतही तसाच राहतो.

पश्चिम आफ्रिकेतील प्रयोग

या दोन गोष्टी, म्हणजे वीण आणि मेघांचा नियम, वेगळ्या करून पाहणारा एक प्रयोग विशेष उद्बोधक आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘कॅस्केड’ या प्रकल्पात २००६ च्या पावसाळ्यातील पश्चिम आफ्रिकेचे हवामान निरनिराळ्या जाळ्यांवर पुन्हा उभे केले. १२ किलोमीटरांच्या जाळीवर त्यांनी एकदा मेघांचा नेहमीचा नियम वापरला आणि एकदा तो काढून टाकून समीकरणांनाच मेघ घडवू दिले. त्याचबरोबर ४ किलोमीटरांच्या जाळीवरही नियमाविना गणित केले.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे होते. नियमाविना केलेली १२ किलोमीटरांची आवृत्ती ही ४ किलोमीटरांच्या आवृत्तीशी अधिक जुळत होती. नियम असलेल्या स्वतःच्याच जुळ्या भावंडाशी नव्हे. नियम असलेल्या प्रतिमानात पाऊस माध्यान्ही पडत होता. नियम काढताच तो उशिरा पडू लागला आणि उत्तरेस, साहेलच्या कोरड्या पट्ट्याकडे सरकला. तेथे सुटलेल्या उष्णतेमुळे सागराकडून भूमीकडे हवा ओढणारा दाबातील फरक कमी झाला आणि मोसमी वाऱ्यांचा जोरच बदलला. शिवाय वादळी मेघांखालून जमिनीलगत पसरणारे थंड हवेचे लोट, जे नियमात मुळी नव्हतेच, ते मोसमी प्रवाहाचा एक लक्षणीय भाग असल्याचे आढळले. अर्थात पाऊस दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडतो ही बाब गौण नाही. सबंध खंडाचे वारे तिच्याशी बांधलेले आहेत.

पुढे सबंध आफ्रिका खंडासाठी ४.५ किलोमीटरांच्या जाळीवर दीर्घकालीन गणित करण्यात आले आणि त्याची तुलना २५ किलोमीटरांच्या, मेघनियम असलेल्या प्रतिमानाशी केली गेली. तापत्या पृथ्वीवर मुसळधार पाऊस किती वाढेल आणि ऐन पावसाळ्यात पडणारे कोरडे खंड किती लांबतील, या दोन्ही बाबतींत सूक्ष्म प्रतिमानाने अधिक तीव्र बदल दाखविले, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावा आणि कोरडवाहू पीक किती दिवसांच्या उघडिपीस टिकावे, हे ठरविणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मेघापर्यंत पोचणारी जाळी

संपूर्ण पृथ्वीसाठी असे गणित करण्याचे धाडस प्रथम जपानी शास्त्रज्ञांनी केले. २००२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्थ सिम्युलेटर’ या महासंगणकावर त्यांनी ‘निकॅम’ हे प्रतिमान ७ आणि ३.५ किलोमीटरांच्या जाळीवर चालविले. हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणारी आणि ३० ते ६० दिवसांनी पुन्हा येणारी मेघसमूहांची लाट त्यात बऱ्याच विश्वासार्ह रीतीने उमटली, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. २०१९ मध्ये अनेक देशांच्या एकत्रित उपक्रमात, पाच किलोमीटरांहून घट्ट विणीच्या नऊ जागतिक प्रतिमानांनी १ ऑगस्ट २०१६ पासूनच्या चाळीस दिवसांचे गणित केले. मात्र चाळीस दिवस म्हणजे शतक नव्हे. शिवाय एक ते दहा किलोमीटरांच्या दरम्यानची जाळी ही संधिकालासारखी असते: मेघांचा नियम अनावश्यक वाटावा इतकी ती सूक्ष्म नसते आणि तो बिनदिक्कत वापरावा इतकी स्थूलही नसते.

भारतातील प्रवासही याच दिशेने झाला आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात १९९० च्या दशकात सुमारे १५० किलोमीटरांची जाळी वापरात होती. पुढील काळात ती टप्प्याटप्प्याने १२ किलोमीटरांवर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यास ‘अर्क’ आणि नोएडा येथे ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यरत झाले आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरांच्या जाळीवरील ‘भारत अंदाज प्रणाली’ सुरू करण्यात आली. पंचायतीच्या पातळीपर्यंत अंदाज पोचविणे, हा तिचा हेतू आहे.

नकाशा वाचताना

यावरून सामान्य वाचकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, पावसाच्या भावी नकाशावरील प्रत्येक रंगीत चौकोन ही एक सरासरी असते. त्या चौकोनात एखादा महाबळेश्वर आणि एखादी वाई एकत्र नांदत असू शकते. शंभर किलोमीटरांच्या नकाशावरून एखाद्या तालुक्याचे भवितव्य सांगणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, हंगामाची बेरीज बरोबर आली म्हणून पावसाची रीत बरोबर आली असे होत नाही. शेताला आणि नदीला बेरीज नव्हे, तर सर किती जोराची आणि उघडीप किती दिवसांची, हे भोगावे लागते. तिसरी गोष्ट अशी की, सूक्ष्म चित्र हे अपरिहार्यपणे अचूक चित्र नसते. विणीने तपशील मिळतो. विश्वास मात्र पर्जन्यमापकांच्या, रडारच्या आणि उपग्रहांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच मिळवावा लागतो.

स्थूल प्रतिमानांची उपयुक्तता यामुळे संपत नाही. तापमानवाढीचा एकंदर कल, शतकभराची वाटचाल आणि अनेक शक्यतांची पडताळणी यांसाठी तीच परवडतात आणि तीच पुरेशीही ठरतात. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते, हे जाणण्यासाठी सूक्ष्म जाळी लागत नाही. परंतु ते वाढीव बाष्प कोणत्या खोऱ्यात, कोणत्या प्रहरी आणि किती वेगाने कोसळेल, हे विचारावयाचे असेल तर जाळीची वीण मेघापर्यंत आणि डोंगराच्या कड्यापर्यंत पोचलीच पाहिजे. आणि उष्ण कटिबंधातील माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे.